जॉन मॅक्लेंडन : एका क्रीडाशिक्षकाचे चरित्र आणि त्याचा काळ

इतिहासाच्या व्याख्यानाला आलेल्या श्रोत्यांपुढे एका अमेरिकन क्रीडाशिक्षकाचे चरित्र सांगावयास जो उभा राहतो, त्याला प्रथम एका रास्त शंकेचे उत्तर द्यावे लागते. लढाया, राज्यक्रांत्या, थोर पुरुषांची चरित्रे हे इतिहासाचे नेहमीचे विषय. लहानशा कॉलेजात मुलांना चेंडू फेकायला शिकवणाऱ्या मास्तरांचे त्यात काय काम, असे कोणी विचारले तर ते वावगे म्हणता येणार नाही. परंतु समाजातील एखादी जुनी भिंत पडते, तेव्हा ती केवळ कायद्याच्या एका घावाने पडत नाही. अनेक अनाम माणसांनी आपापल्या ठिकाणी तिच्या दगडांतला चुना आधीच खरवडून काढलेला असतो. अशा माणसांची चरित्रे वाचल्यावाचून त्या भिंतीचा इतिहास पुरा होत नाही.

आणि ही भिंत आपल्याला अगदीच परकी आहे असेही नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, ते अमेरिकेतील ज्या सज्जनांनी तेथील काळ्या गुलामांना दास्यातून सोडवले त्यांना अर्पण केले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान पुढारी ड्युबॉइस यांना पत्र लिहून, त्या समाजाच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. ड्युबॉइस यांनी त्या पत्राला उत्तरही दिले. म्हणजे ज्या प्रश्नाची हकीकत आज सांगावयाची आहे, त्या प्रश्नाकडे महाराष्ट्राचे लक्ष फार पूर्वीच गेलेले होते.

गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. पण तिची सावली संपली नाही. १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले आणि दक्षिणेकडील राज्यांत शाळा, आगगाडीचे डबे, खाणावळी, पाणी पिण्याचे नळ, सारे काही वेगळे झाले. वेगळेपणा कसोशीने पाळला गेला. समानता मात्र कागदावरच राहिली. खेळाचे मैदानही या नियमाला अपवाद नव्हते.

१

बास्केटबॉल हा खेळ कोणी एके दिवशी मुद्दाम बसून शोधून काढलेला खेळ आहे. १८९१ सालच्या डिसेंबर महिन्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, वाय. एम. सी. ए. च्या शिक्षकांना तयार करणाऱ्या शाळेत, जेम्स नेस्मिथ नावाचे कॅनेडियन शिक्षक होते. बाहेर बर्फ, आणि आत कंटाळलेली अठरा तरुण मुले. या मुलांना हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल असा खेळ काढ, असे त्यांना वरिष्ठांनी सांगितले. नेस्मिथ यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या कठड्याला दहा फूट उंचीवर ठोकल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर लावले, आणि खेळ सुरू झाला. हाच खेळ पुढे वाय. एम. सी. ए. च्या शिक्षकांबरोबर आपल्या देशात आला. १९२० साली मद्रासला व्यायामशिक्षणाचे कॉलेज काढणारे हॅरी क्रो बक हे त्याच स्प्रिंगफील्डच्या शाळेत शिकलेले होते. आपल्या शाळांच्या आवारात लोखंडी कडी लावलेले जे दोन खांब उभे असतात, त्यांचे मूळ असे आहे.

नेस्मिथ १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. गमतीची गोष्ट अशी की, विद्यापीठाच्या संघाचे शिक्षक म्हणून त्यांनी जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेल्या सामन्यांची संख्या अधिक आहे. पंचावन्न जिंकले, साठ हरले. जिंकणे हे त्यांच्या लेखी शिक्षणाचे एक साधन होते, साध्य नव्हे. या गृहस्थांचा शेवटच्या काळातील एक विद्यार्थी हा आपला चरित्रनायक होय.

२

जॉन मॅक्लेंडन यांचा जन्म ५ एप्रिल १९१५ रोजी कॅन्सस राज्यातील हायावाथा या गावी झाला. बालपण बहुतेक कॅन्सस सिटी या शहरात गेले. लहानपणी एका शाळेच्या व्यायामशाळेत बास्केटबॉलचे मैदान पाहिले आणि आपण या खेळाचे शिक्षक व्हायचे असे मुलाने मनाशी ठरवून टाकले. अंगापिंडाने तो काही मोठा खेळाडू नव्हता. पण मनात घेतलेली गोष्ट सोडायची नाही हा स्वभाव.

१९३३ साली जॉन कॅन्सस विद्यापीठात दाखल झाला. या खेळाचा जनकच तेथे शिकवतो हे वडिलांना कळले होते. त्यांनी मुलाला सांगून ठेवले होते की, सरळ त्या गृहस्थांकडे जा आणि आपण माझे मार्गदर्शक आहात असे त्यांना सांग. मुलाने शब्दशः तसेच केले. हे तुला कोणी सांगितले, असे नेस्मिथ यांनी विचारले. माझ्या वडिलांनी, असे उत्तर मिळाले. वडील सांगतात ते बरोबरच असते, असे म्हणून म्हाताऱ्याने त्याला आत घेतले. त्या वेळी नेस्मिथ सत्तरीच्या पलीकडे होते.

तथापि, खेळाच्या जनकाचा विद्यार्थी असूनही जॉनला विद्यापीठाच्या संघातून खेळता येत नव्हते. संघ फक्त गोऱ्यांचा होता. संघाचे शिक्षक फॉग ॲलन हे अमेरिकेतील नामांकित गृहस्थ. तेही नेस्मिथ यांचेच शिष्य. परंतु त्यांच्या संघात पहिला कृष्णवर्णी खेळाडू यायला १९५१ साल उजाडावे लागले. जॉन वर्गात शिकत होता, सराव पाहत होता, टिपणे काढत होता. पण रेषेच्या आत त्याला पाऊल टाकता येत नव्हते.

व्यायामशिक्षणाच्या पदवीसाठी पोहण्याची परीक्षा देणे सक्तीचे होते, आणि विद्यापीठाचा पोहण्याचा तलाव काळ्या विद्यार्थ्यांना बंद होता. अधिकाऱ्यांनी यावर सोयीचा तोडगा काढला होता : काळ्या विद्यार्थ्याला न पोहताच उत्तम गुण देऊन टाकायचे. दुसऱ्या एखाद्याला हा लाभ वाटला असता. जॉनला तो अपमान वाटला. तो सरळ जाऊन तलावात उतरला आणि पोहला. त्यानंतर तलावातील सारे पाणी काढून टाकण्यात आले. महाडच्या चवदार तळ्याची १९२७ सालची हकीकत आणि त्यानंतर झालेली तळ्याची ‘शुद्धी’ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पाणी उपसण्याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढचा भाग अधिक मासलेवाईक आहे. नेस्मिथ जॉनच्या पाठीशी उभे राहिले. वाटाघाटी होऊन असे ठरले की, दोन आठवडे तलाव सर्वांना खुला ठेवून पाहावा. काही दंगाधोपा झाला नाही तर तो कायमचा खुला करावा. जॉनने काय केले? त्याने आपल्या सर्व काळ्या सोबत्यांना बजावले की, या दोन आठवड्यांत कोणीही तलावाकडे फिरकू नका. कोणी गेलेच नाही. तेव्हा दंगा कशाचा होणार? मुदत संपली आणि तलाव सर्वांना खुला झाला. एकवीस वर्षांच्या आतल्या या तरुणाच्या अंगी धैर्याबरोबर केवढा व्यवहारी धूर्तपणा होता हे यावरून दिसते. पुढील आयुष्यात हे दोन्ही गुण त्याला वारंवार उपयोगी पडले.

१९३६ साली मॅक्लेंडन पदवीधर झाले. कॅन्सस विद्यापीठाची व्यायामशिक्षणाची पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णी विद्यार्थी. नेस्मिथ यांच्या साहाय्याने ते आयोवा विद्यापीठात गेले आणि वर्षभरात तेथील पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडले.

३

आता या शिकलेल्या माणसाने काम करायचे कोठे? मोठ्या विद्यापीठांचे दरवाजे बंद. उरली ती काळ्या लोकांसाठी काढलेली लहान कॉलेजे. या कॉलेजांची कल्पना आल्यावाचून पुढची हकीकत नीट उमजणार नाही.

अमेरिकेत कॉलेजचा खेळ म्हणजे मुख्यतः त्यांचा तो फुटबॉल. आपल्याकडचा पायाने खेळण्याचा फुटबॉल तो नव्हे. लांबट चेंडू काखेत घेऊन, अंगावर गाद्या आणि डोक्यावर शिरस्त्राण चढवून, अकरा जणांनी अकरा जणांवर तुटून पडण्याचा तो खेळ. शरद ऋतूत फुटबॉल, हिवाळ्यात बास्केटबॉल, उन्हाळा जवळ आला की धावण्याच्या शर्यती असा क्रम. मोठ्या विद्यापीठांत यांपैकी प्रत्येकाला निराळा शिक्षक आणि त्याच्या हाताखाली मदतनिसांचा ताफा. लहान कॉलेजांत ही सारी कामे एकाच माणसाच्या गळ्यात पडत. तोच वर्गात शिकवी, तोच खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधी, तोच तिकिटे विकी, आणि परगावी सामना असला की मोटार हाकणाराही बहुधा तोच.

बाल्टिमोरच्या मॉर्गन कॉलेजातील एडवर्ड हर्ट हे या परंपरेतील एक नामवंत शिक्षक. १९२९ साली ते तेथे आले आणि फुटबॉल, बास्केटबॉल, धावणे हे तिन्ही विभाग त्यांनी सांभाळले. १९३१ ते १९३८ या काळात त्यांचा फुटबॉल संघ सलग चोपन्न सामने अपराजित राहिला. त्यांचा एक विद्यार्थी क्लॅरन्स गेन्स. देहाने एवढा धिप्पाड की ‘बिग हाउस’ म्हणजे मोठे घर हेच त्याचे नाव पडले. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या गेन्स यांचा विचार दंतवैद्य होण्याचा होता. तात्पुरती नोकरी म्हणून ते विन्स्टन-सालेमच्या टीचर्स कॉलेजात गेले, १९४६ साली फुटबॉल आणि बास्केटबॉल या दोन्ही संघांचे प्रमुख झाले, आणि १९९३ पर्यंत तेथून हलले नाहीत. बास्केटबॉलचे आठशे अठ्ठावीस सामने त्यांच्या संघांनी जिंकले.

फुटबॉलचे सामानसुमान महाग. बास्केटबॉलला पाच खेळाडू, एक चेंडू आणि दोन कड्या पुरतात. गरीब कॉलेजांत हा दुसरा खेळ जो भराभर वाढला त्याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण, या कॉलेजांना असे शिक्षक लाभले की जे अन्यत्र मोठ्या विद्यापीठांचे मानकरी झाले असते. अन्यायाचा असाही एक परिणाम होतो की, ज्यांना बाहेर वाव नाही अशी गुणी माणसे एका लहान जागेत एकवटतात. त्याबद्दल अन्यायाचे आभार मानण्याचे मात्र कारण नाही.

४

१९३७ साली मॅक्लेंडन नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅम या शहरी आले. कॉलेजचे नाव नॉर्थ कॅरोलायना कॉलेज फॉर नीग्रोज. जेम्स शेपर्ड या गृहस्थांनी १९१० साली लावलेले हे रोपटे पुढे राज्य सरकारच्या अनुदानावर चालू लागले होते. प्रथम दुय्यम शिक्षक म्हणून आणि १९४० पासून प्रमुख म्हणून मॅक्लेंडन यांनी बास्केटबॉलचा संघ हाती घेतला.

त्या काळात हा खेळ बराच संथपणे खेळला जाई. चेंडू हळूहळू पुढे न्यायचा, जागा धरायच्या, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून नेम धरायचा. प्रतिपक्षाचा संघही तोवर निवांतपणे आपल्या अर्ध्या भागात जाऊन उभा राही. मॅक्लेंडन यांनी हे सगळे उलटे केले. चेंडू हाती येताच समोरचे लोक सावरण्यापूर्वी तो पलीकडच्या टोपलीपर्यंत पोचला पाहिजे; आणि चेंडू हातचा गेला की ज्या ठिकाणी गेला त्याच ठिकाणी परत मिळवण्यासाठी झुंजले पाहिजे. संपूर्ण मैदान हीच लढाईची जागा. हा विचार मूळचा नेस्मिथ यांचा, असे ते नेहमी सांगत. यासाठी दम लागतो. म्हणून मोसमापूर्वी ते आपल्या खेळाडूंना मैलोगणती पळवीत. जो धावू शकत नाही त्याला संघात जागा नाही. आपल्याकडे खो-खोचा पाठलाग पाहिलेल्यांना या पद्धतीतील मर्म चटकन कळेल : उंची किंवा ताकद यांपेक्षा वेळ आणि दम यांवर सामना फिरवायचा.

या जलद चढाईने आसपासची सारी कॉलेजे हैराण झाली. १९४४ सालच्या मोसमात डरहॅमचा संघ केवळ एकच सामना हरला होता. परंतु राष्ट्रीय म्हणवणाऱ्या ज्या दोन मोठ्या स्पर्धा होत्या, त्यांत काळ्या कॉलेजांना प्रवेश नव्हता. संघ किती चांगला आहे हे ठरवायचे कसे? ज्यांच्याशी तुलना करायची त्यांच्याशी खेळण्यास कायद्याने आणि रूढीने बंदी. याच शहराच्या दुसऱ्या बाजूस ड्यूक हे श्रीमंत, गोऱ्यांचे विद्यापीठ होते. युद्धामुळे तेथील वैद्यकीय शाळेत लष्करी शिक्षणासाठी आलेले काही तरुण पूर्वी आपापल्या कॉलेजांचे नावाजलेले खेळाडू होते. त्यांनी एक संघ उभारला होता आणि तो विद्यापीठाच्या अधिकृत संघालाही भारी पडत होता.

५

दोन्ही कॉलेजांतील काही विद्यार्थी वाय. एम. सी. ए. च्या निमित्ताने गुपचूप प्रार्थनेसाठी एकत्र जमत असत. तेथे बोलता बोलता, शहरातील उत्तम संघ कोणता यावर वाद निघाला आणि त्यातून सामन्याची कल्पना पुढे आली. ही थट्टेची गोष्ट नव्हती. बसमध्ये कोणी कोठे बसायचे एवढ्यावरून त्या शहरात माणसाचा जीव जात असे. तसे खरोखरच घडले : त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात बुकर स्पाइसली नावाच्या एका कृष्णवर्णी सैनिकाला, मागच्या बाकावर जाण्यावरून झालेल्या बोलाचालीनंतर, बसचालकाने गोळी घातली, आणि गोऱ्या पंचांनी त्या चालकाला निर्दोष सोडून दिले. कॉलेज सरकारी पैशावर चालणारे. बोभाटा झाला असता तर मॅक्लेंडन यांची नोकरी जाणे हे सर्वांत लहान नुकसान ठरले असते.

दिवस ठरला रविवार, १२ मार्च १९४४. वेळ सकाळी अकराची, कारण तेव्हा गावातील बहुतेक माणसे, पोलीसही, चर्चमध्ये असत. ड्यूकचे खेळाडू मोटारीतून आडवळणाच्या रस्त्यांनी आले, आणि उतरताना त्यांनी अंगरखे डोक्यावरून ओढून घेतले होते. ते आत शिरताच व्यायामशाळेचे दार लावून घेण्यात आले. पंच होता, घड्याळ होते, गुण लिहिले जात होते. प्रेक्षक मात्र एकही नाही. काही विद्यार्थ्यांना कुणकुण लागली तेव्हा ते बाहेरून खिडक्यांवर चढून पाहू लागले.

सुरुवातीला दोन्ही बाजूंचे हात थरथरत होते. सोपे नेम चुकत होते. डरहॅमच्या मुलांपैकी कित्येकांनी गोऱ्या माणसाच्या अंगाला अंग लावून चेंडू हिसकावणे ही गोष्ट आयुष्यात कधी केलेली नव्हती. चार-दोनदा अंगाला अंग लागले, काही आकाश कोसळले नाही, आणि मग मॅक्लेंडन यांची जलद चढाई सुरू झाली. शेवटी गुण झाले अठ्ठ्याऐंशी विरुद्ध चव्वेचाळीस. बरोबर दुप्पट.

खरी नवलाची गोष्ट त्यानंतरची आहे. थोडा विसावा घेऊन मुलांनी पुन्हा खेळायचे ठरवले, आणि या वेळी दोन्ही संघ मिसळून टाकले. एका बाजूस काळे-गोरे, दुसऱ्या बाजूसही काळे-गोरे. ओळखण्यासाठी एका बाजूने सदरे काढून ठेवले. १९४४ साली, अमेरिकेच्या दक्षिणेत! खेळ आटोपल्यावर पाहुणे वसतिगृहात जाऊन गप्पा मारीत बसले, आणि मग आले तसेच निघून गेले. ‘कॅरोलायना टाइम्स’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाच्या बातमीदाराला हे कळले होते, पण त्याने एक अक्षर छापले नाही. १९९६ साली स्कॉट एल्सवर्थ या इतिहासकाराने ही हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा तिला बावन्न वर्षे होऊन गेली होती.

६

येथे एक आक्षेप घेता येतो. जे कोणाला कळलेच नाही, त्याने समाजात काय बदलले? प्रश्न योग्य आहे. त्या सामन्याने डरहॅममधील एकही फलक उतरला नाही. परंतु मॅक्लेंडन यांच्यापुरता एक निकाल लागला. आपले शास्त्र बरोबर आहे, आणि दार बंद ठेवण्याला भीतीखेरीज दुसरे कारण नाही, हे त्यांना समक्ष दिसले. यापुढची पंधरा वर्षे त्यांनी तेच दार उघडण्यात घालवली. आणि हे काम त्यांनी गुप्तपणे नव्हे, तर अर्ज, ठराव आणि वाटाघाटी यांच्या मार्गाने केले.

प्रथम आपले घर सावरले. काळ्या कॉलेजांची एक क्रीडासंघटना १९१२ पासून होती. १९४६ साली मॅक्लेंडन आणि त्यांचे काही सहकारी यांनी तिच्या वतीने वॉशिंग्टन येथे वार्षिक बास्केटबॉल स्पर्धा सुरू केली; पहिले विजेतेपद त्यांच्याच संघाने मिळवले. १९५० साली त्यांनी आपला खेळाडू हॅरल्ड हंटर आणि वेस्ट व्हर्जिनियाचा अर्ल लॉइड या दोघांना वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघाकडे चाचणीसाठी नेले. हंटर यांचे पुढे जमले नाही. पण लॉइड हे त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राष्ट्रीय व्यावसायिक संघटनेच्या सामन्यात खेळणारे पहिले कृष्णवर्णी खेळाडू ठरले.

मग मोर्चा वळला तो राष्ट्रीय स्पर्धांकडे. मोठ्या संघटनेने काळ्या कॉलेजांचा अर्ज मानला नाही. दुसरी संघटना लहान कॉलेजांची. तिची स्पर्धा १९३७ साली कॅन्सस सिटीत सुरू झाली, आणि ती सुरू करण्यात पुढाकार होता स्वतः नेस्मिथ यांचा. १९३९ साली ते वारले. गुरूने लावलेल्या या झाडाखाली शिष्याला उभे राहायला जागा नव्हती, कारण या स्पर्धेतही काळ्या खेळाडूंना बंदी होती. १९४७ साली इंडियाना स्टेटच्या संघाला बोलावणे आले, तेव्हा जॉन वुडन या तरुण शिक्षकाने, आपल्या एका कृष्णवर्णी खेळाडूला मज्जाव आहे म्हणून ते नाकारले. पुढील वर्षी ती बंदी उठली. तरीही संबंध कॉलेजच काळ्यांचे असेल तर काय, हा प्रश्न उरलाच. मॅक्लेंडन यांच्या चिकाटीमुळे १९५३ साली तेही दार उघडले.

पुढच्याच वर्षी, १९५४ साली, सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवला. त्याच सुमारास मॅक्लेंडन नॅशव्हिलच्या टेनेसी ए. अँड आय. या कॉलेजात रुजू झाले. कॅन्सस सिटीतील स्पर्धेचे निमंत्रण आले तेव्हा त्यांनी एक अट घातली. माझी मुले इतर संघांप्रमाणेच शहराच्या मध्यभागी, त्याच दर्जाच्या हॉटेलात उतरतील. नाहीतर आम्ही येणार नाही. मैदानावर बरोबरी आणि जेवायला मागच्या दाराने, ही तडजोड त्यांना मान्य नव्हती. अट मान्य झाली. कॅन्सस सिटीतील हॉटेलांचे दार त्यांनी असे उघडले.

१९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे टेनेसीने ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. काळ्या-गोऱ्यांच्या संयुक्त राष्ट्रीय स्पर्धेत कृष्णवर्णी कॉलेज विजयी होण्याची ही पहिली वेळ. आणि लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणारे मॅक्लेंडन हे पहिले कॉलेज-शिक्षक. डिक बार्नेट हा त्या संघाचा प्रमुख खेळाडू पुढे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक संघातून गाजला. टेक्सस वेस्टर्नच्या पाच कृष्णवर्णी खेळाडूंनी केंटकीचा पराभव केला तो १९६६ सालचा सामना अमेरिकेत फार प्रसिद्ध आहे. त्याच्या नऊ वर्षे आधी हे घडून गेले होते. लहान कॉलेजांच्या स्पर्धेकडे मोठ्या वृत्तपत्रांचे लक्ष नव्हते, एवढाच फरक.

उरलेली कारकीर्द थोडक्यात सांगतो. १९५९ साली ते क्लीव्हलँडच्या एका संघाकडे गेले. १९६१ साली तो संघ व्यावसायिक स्पर्धेत उतरला तेव्हा अशा संमिश्र संघाचे ते पहिले कृष्णवर्णी प्रमुख शिक्षक झाले. खेळाडूंच्या पगारावरून मालकाशी खटका उडाला आणि १९६२ च्या आरंभी त्यांनी राजीनामा दिला. १९६६ साली क्लीव्हलँड स्टेट या मुख्यतः गोऱ्यांच्या विद्यापीठाने त्यांना नेमले. अशा संस्थेत हे पद मिळालेले तेच पहिले कृष्णवर्णी. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी अमेरिकन संघाच्या शिक्षकवर्गात त्यांना घेण्यात आले. ८ ऑक्टोबर १९९९ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.

७

या चरित्राचे मोल ठरवताना दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत.

पहिली गोष्ट मानाची. नेस्मिथ यांच्या नावाने स्प्रिंगफील्डला जे सन्मान-मंदिर आहे, त्यात मॅक्लेंडन यांना १९७९ साली स्थान मिळाले; परंतु ‘खेळाचे उपकारकर्ते’ म्हणून, शिक्षक म्हणून नव्हे. तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणाऱ्याला शिक्षक म्हणून मान मिळायला २०१६ साल यावे लागले. तेव्हा ते हयात नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. दारे उघडली, आणि त्या उघड्या दारांतून काळ्या कॉलेजांतले उत्तम खेळाडू मोठ्या, श्रीमंत विद्यापीठांकडे निघून गेले. १९६७ साली गेन्स यांच्या विन्स्टन-सालेमने मोठ्या संघटनेची लहान कॉलेजांसाठीची स्पर्धा जिंकली. असा विजय मिळवणारे ते पहिले काळे कॉलेज. पण तो ऐन भर ओसरू लागण्याचाही काळ होता. दक्षिणेत शाळा एकत्र झाल्या तेव्हा काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत जागा मिळाली. त्यांच्या काळ्या क्रीडाशिक्षकांपैकी अनेकांना मात्र ती मिळाली नाही, किंवा गोऱ्या प्रमुखाच्या हाताखाली मिळाली. ज्या लहान कॉलेजांनी बंदीच्या काळात माणसे घडवली, ती मुक्ततेच्या काळात रिकामी होऊ लागली. म्हणून भिंत तशीच राहावयास हवी होती काय? मॅक्लेंडन यांनी असे कधी म्हटले नाही, आणि कोणी विवेकी माणूस म्हणणार नाही. परंतु सुधारणेचा हिशेब मांडताना तिची किंमत कोणाच्या खात्यावर पडली हे लिहून ठेवणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे. आपल्याकडेही वसतिगृहे, रात्रशाळा, लहान शिक्षणसंस्था यांचा इतिहास लिहिणाऱ्यांपुढे हाच प्रश्न उभा राहतो.

मॅक्लेंडन यांना अन्यायाची चीड होती. पण त्या चिडीला त्यांनी दर वेळी एखाद्या नेमक्या कामाचे रूप दिले. तलाव, कुलूप लावलेली व्यायामशाळा, स्पर्धेचा अर्ज, हॉटेलातील खोली : प्रत्येक ठिकाणी मागणी एकच आणि अगदी स्पष्ट. आणि हे सर्व करीत असताना त्यांनी आपला मूळचा धंदा, म्हणजे मुलांना चांगले शिकवणे, एक दिवसही ढिला पडू दिला नाही. त्यांच्या जलद चढाईची पद्धत आज जगातील प्रत्येक देशात खेळली जाते. आपल्या गावच्या शाळेत जी मुले संध्याकाळी कडीखाली धावतात, तीही नकळत तीच पद्धत खेळत असतात. डरहॅमच्या कॉलेजात १९५२ साली बांधलेल्या व्यायामशाळेला मॅक्लेंडन यांचे नाव आहे, आणि तिची दारे सामन्याच्या दिवशी सर्वांसाठी उघडी असतात.